चिमट्यातला दगड

विद्यापीठातून फोन आला तेव्हा यशोधरा लोणावळ्याजवळ वलवणच्या शेडमध्ये दगड घासत बसली होती. कोपरापर्यंत हात राड्यानं भरलेले, म्हणून तिच्या धाकट्या भावानं, सुहासनं, फोन उचलला आणि तिच्या कानाशी धरला. पलीकडे कुलसचिव प्रदीप सर होते. इकडचं तिकडचं काही न बोलता ते म्हणाले, "मॅडम, आपल्या शिल्पावरून एक मुलगी पडली."

"जिवंत आहे ना?"

"आहे, आहे. मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, घरीही सोडलं. पण तुम्ही एकदा येऊन जा."

"दगडाला काही झालं का?" यशोधरेनं विचारलं. सुहासनं फोन धरल्या धरल्या तिच्याकडे पाहिलं. तिला ते दिसलं, पण प्रश्न विचारून झाला होता.

"दगडाला काय होणार?" प्रदीप सर म्हणाले.

सोमाटण्याच्या पलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत हे विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा आवारात झाड म्हणून नव्हतं. नुसता मुरमाड माळ आणि त्यावर दोन इमारती. मधल्या मोकळ्या जागेत काहीतरी भव्य असावं असं विश्वस्तांच्या मनात आलं आणि यशोधरेला बोलावणं गेलं. तिनं तीन काळे दगड उभे केले. म्हणजे दोन उभे, एकमेकांकडे झुकलेले, आणि त्यांच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, तिसरा तिरका अडकवलेला. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा तिसरा दगड पडता पडता थांबलाय. प्रत्यक्षात तो दोन्ही टोकांना जाड लोखंडी खुंट्यांवर बसवलेला होता आणि खुंट्या दगडांच्या पोटात असल्यामुळे दिसत नव्हत्या.

तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. विश्वस्तांना बिननावाची वस्तू आवारात नको होती, म्हणून त्यांनी खाली ग्रॅनाइटची पाटी बसवली आणि तिच्यावर ‘ज्ञानशिखर’ असं कोरून घेतलं. मुलं त्याला चिमटा म्हणायची. ‘चिमट्यापाशी थांब’, ‘चिमट्याच्या मागं गाडी लाव’, असं. यशोधरेच्या कानावर ते आलं होतं. तिला पाटीपेक्षा ते बरं वाटलं, पण तसं तिनं कुणाला सांगितलं नाही.

वर्तमानपत्रात तिच्याबद्दल कधी लिहून आलं की त्यात बेडशाची लेणी हटकून यायची. लहानपणी तिनं लेणी पाहिली आणि तिच्या मनात शिल्पानं घर केलं, वगैरे. ती बेडशाचीच होती आणि लेण्यांत लहानपणी पुष्कळदा गेलेली होती, हे खरं. पण ती शेळ्या घेऊन जायची आणि सावलीला झोपायची. दगडाचं तिला जे कळलं ते बापाकडून. तिचा बाप विठ्ठल खाणीत दगड फोडायचा. दगडावर हातोडी मारून तो आवाज ऐकायचा आणि सांगायचा, हा फुटंल, हा न्हाई फुटायचा.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात गेली. प्रदीप सर केबिनमध्ये एकटेच होते. मनुष्य वाईट नव्हता. त्यांच्या बोलण्यात नेहमी समोरच्याला सांभाळून घेण्याचा सूर असायचा, मग समोर कुणीही असो.

"समीक्षा नाव आहे," ते म्हणाले. "सूक्ष्मजीवशास्त्राला आहे, दुसऱ्या वर्षाला. होस्टेलला राहते. संध्याकाळची चिमट्यावर, सॉरी, शिल्पावर चढली होती. हातात मोबाइल होता. दोन मुलांनी पाहिलंय. रील बनवत असणार, दुसरं काय? पेपरातही तसंच आलं."

"मग?"

"मग शिस्तीचा प्रश्न आला. समिती बसलीये. होस्टेलची जागा बहुतेक जाईल तिची. तुमच्याकडून एवढंच हवं, की हे शिल्प बघण्यासाठी आहे, चढण्यासाठी नाही. कलाकाराच्या तोंडून आलं की बरं पडतं."

"ते खरंच आहे की," यशोधरा म्हणाली. "चढण्यासाठी नाहीच ते."

"समितीपुढं सांगाल?"

"सांगेन."

ती बाहेर पडली आणि प्रदीप सरांबरोबर चिमट्यापर्यंत चालत गेली. बाजूला ‘शिल्पावर चढण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती. पाटीच्या बुडाचं सिमेंट अजून ओलसर दिसत होतं.

"ही कधी लावली?"

"परवा," प्रदीप सर म्हणाले. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. मग जाता जाता, सहज आठवल्यासारखं, ते म्हणाले, "मुलगी म्हणते, दगड हलला. घाबरलेल्या माणसाला काय, काहीही वाटतं."

यशोधरेनं गाडी सुरू केली. वडगाव मागं पडेपर्यंत ती त्या वाक्यावर चिडलेली होती. दगड हलला म्हणे. इतकी वर्षं झाली, उन्हाळे-पावसाळे गेले, तिचा एकही दगड कधी हललेला नव्हता. पोरीनं स्वतःची चूक झाकायला दगडाचं नाव घेतलं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. पण बापाच्या हाताखाली काढलेल्या दिवसांनी तिला एक खोड लावली होती. दगडाबद्दल कुणी काही बोललं, तर ते ऐकून घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कामशेतला आल्यावर तिनं लोणावळ्याची सरळ वाट सोडली आणि गाडी डावीकडे, पवनानगरच्या रस्त्याला घातली. बेडशाचा फाटा गेला. तिथं ती थांबली नाही.

तिकोणा पेठेत समीक्षाचं घर सापडायला वेळ लागला नाही. पेपरात नाव आलेल्या पोरीचं घर सगळ्यांना ठाऊक होतं. भात पिवळं पडायला लागलं होतं, माणसं कापणीच्या तयारीत होती. अंगणात बाजेवर समीक्षाचे आजोबा, कोंडाजी, बसले होते. यशोधरेनं आपण कोण ते सांगितलं. शिल्प करणारी बाई म्हटल्यावर म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"ते दगूड तुमी उभं केलं व्हय?"

"मीच, आबा."

"गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

"बेडसे."

"बेडश्यात कुनाच्या?"

"विठ्ठल खाणवाल्याची मुलगी."

कोंडाजींनी डोळे बारीक केले. "म्हंजी विहाराच्या अंगाला घर व्हतं, ते विठ्ठल?"

"व्हय. तेच."

तेवढ्यात समीक्षाची आई, नंदाबाई, चहा घेऊन बाहेर आली. यशोधरेनं कपांकडे पाहिलं. सगळे कप एकसारखे होते, आणि नंदाबाईनं तिला दिला तो ट्रेमधला जवळचा होता, इतकंच. या वयातही आपण ते बघतो, याचा तिला थोडा कंटाळा आला. तिनं चहा घेतला.

"मंग दगडाचं कळत आसंल तुमाला," कोंडाजी म्हणाले.

"कळतं थोडंफार."

"तर मंग आत जावा आन माजी नात खोटं बोलती का खरं, येवढं बघून सांगा. आमचं कुनी आयकत न्हाई."

समीक्षा आतल्या खोलीत खाटेवर होती. मांडीत सळई घातलेली, पाय उशीवर. किरकोळ अंगाची, मोठ्या कपाळाची मुलगी. यशोधरेला पाहून ती उठून बसायला लागली, नंदाबाईनं तिला दाबून परत टेकवलं.

यशोधरेनं तब्येतीची विचारपूस केली नाही. करायला हवी होती हे तिला परत जाताना गाडीत सुचलं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तिनं सरळ विचारलं, "कुठं बसली होतीस?"

"वरच्या दगडावर. माझ्या नेहमीच्या जागी."

"नेहमीच्या?"

समीक्षानं आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी रोज जायचे, मॅडम. सहाच्या सुमाराला तिथं कुणी नसतं. मागच्या, होस्टेलच्या बाजूनं तो उभा दगड उताराचा आहे, त्यावरून चढता येतं. आमचा सेमिनार असतो, इंग्रजीतून बोलावं लागतं सगळ्यांसमोर. रूममध्ये मोठ्यानं बोलायला लागले की मुली हसतात. म्हणून मी वर बसून बोलायचे. मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि परत ऐकायचे. रील नव्हतं ते."

"हे समितीला सांगितलंस?"

"सांगितलं, हॉस्पिटलात विचारायला आले होते तेव्हा. मोबाइल फुटला, ते म्हणाले आता काहीही सांगता येतं."

"बरं. दगड हलला म्हणतेस. कसा हलला?"

"मी उठायला गेले. डावा हात टेकवला, आणि त्या बाजूनं दगड खाली गेला. फार नाही, अगदी थोडा. पाट एका कोपऱ्यावर डुगडुगतो ना, तसा. मी दचकले आणि तोल गेला."

"आवाज आला?"

"आला. आतून."

"कसा?"

मुलीनं जरा विचार केला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढून दाखवला. "कुट्. असा."

दगडाच्या पोटात मोकळी झालेली खुंटी असाच आवाज करते. तो बाहेर ऐकू येत नाही, दगडावर बसलेल्याला मात्र अंगातून कळतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीला तो मनानं रचता येणार नाही, हे यशोधरेला कळत होतं आणि ते कळणं तिला आवडत नव्हतं.

नंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मॅडम, पोरीचं हाड जुळंल," ती म्हणाली. "पन पेपरात छापून आलं त्याचं काय करावं? रीलच्या नादात पडली म्हनं. पावनं फोन करून इचारत्यात, पोरगी नाचत व्हती का म्हनून. तुमी मोठ्या हायसा. तितं जाऊन सांगा की, पोरगी तसली न्हाई."

"पोरगी कसली आहे ते मी कसं सांगू? मी आज पाहिली तिला," यशोधरा म्हणाली. "दगड बघते. हलत असला तर हलतो म्हणेन. नसला हलत, तर तेही तसंच सांगेन."

नंदाबाईचा चेहरा उतरला. समीक्षा मात्र म्हणाली, "चालेल, मॅडम. तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुहासला घेऊन विद्यापीठात गेली. बरोबर शिडी, हातोडी, पहार आणि दोर. सुहासला तिनं घडलेलं सगळं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं होतं की मुलगी खोटं बोलतेय आणि ताई उगाच डोक्याला ताप करून घेतेय. तिन्ही दगड बसवताना तो स्वतः तिथं होता. क्रेनच्या पट्ट्याला हात लावून त्यानंच तिसरा दगड खुंट्यांवर उतरवला होता.

यशोधरेनं आधी उभ्या दगडांवर हातोडी मारली. दोन्ही घंटेसारखे वाजले. मग ती शिडीवर चढली आणि तिसऱ्या दगडाच्या पूर्वेकडच्या टोकावर मारली. आवाज खणखणीत. शिडी उचलून दुसऱ्या बाजूला लावली, पश्चिमेच्या टोकावर मारली, आणि आवाज बद्द आला. ओल्या पोत्यावर मारावं तसा. तिनं पुन्हा मारली. सुहास खालून वर बघत होता, त्याला सांगायची गरज उरली नाही.

"तू वर जा," ती खाली उतरून म्हणाली. "त्या टोकाला हातानं भार दे. बसू नकोस. नुसता दाब."

तो उताराच्या दगडावरून वर गेला. ती दगडाच्या सांध्याखाली शिडीवर चढून उभी राहिली आणि तिनं तळहात सांध्याला लावला. सुहासनं भार दिला. तिच्या हाताखाली दगड खाली आला, भार काढल्यावर परत गेला. आणि आतून आवाज आला, मुलीनं काढून दाखवला होता तसाच.

"सुहास, उतर. सावकाश."

तो उतरला. यशोधरा हिरवळीवर जाऊन बसली. समोर चिमट्याच्या बरोबर खाली तीन-चार मुली डबा उघडून बसल्या होत्या. रोज बसत असणार. सुहासनं त्यांना तिथून उठवलं. त्या कुरकुरत गेल्या. मग त्यानं चारी बाजूंनी दोर बांधला आणि बहिणीशेजारी येऊन बसला.

"ताई, हे त्यांचंच काम आहे," तो म्हणाला आणि त्यानं पलीकडे बोट दाखवलं. शेजारी नवीन इमारतीच्या पायाचा खड्डा होता. तिथं उन्हाळ्यापासून ब्रेकर चालू होता, कातळ फोडत होता, आत्ताही चालू होता. बसल्या जागी खालची जमीन बारीक थरथरताना जाणवत होती. "एवढी धडधड महिनोन्‌महिने. कुठलाही सांधा सुटेल. स्वच्छ सांग त्यांना. आपला काय संबंध?"

तो म्हणत होता ते खरंही असू शकत होतं. यशोधरेनं त्या खड्ड्याकडे पाहिलं, मग चिमट्याकडे. खुंटीच्या भोकात पाणी उतरलं असेल, लोखंड गंजून फुगलं असेल, तरी हेच होणार. बसवताना एक बाजू किंचित उंच राहिली असेल, तरी हेच.

"उघडल्याशिवाय कळायचं नाही," ती म्हणाली.

"उघडायच्या आधी बोलायचं असतं, ताई. नंतर कोण ऐकतंय?"

तिनं प्रदीप सरांना बोलावून घेतलं. ते घाईघाईनं आले. त्यांना शिडीवर चढवून तिनं त्यांचा हात सांध्याला लावला, सुहासनं पहारीनं टोक दाबलं. दगड हलताच प्रदीप सरांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. खाली उतरल्यावर त्यांनी रुमालानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"म्हणजे ती मुलगी..."

"खरं सांगत होती."

"हो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक सांगू? दिवाळीच्या सुट्टीत आपण हे गुपचूप उतरवून घेऊ. देखभालीचं काम म्हणून. मुलीला मी समज देऊन सोडायला लावतो, होस्टेलही राहील. तुमचं नाव कुठं यायला नको. इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं."

"समज कशाची?"

प्रदीप सरांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

समिती दोन दिवसांनी बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला एक वृद्ध विश्वस्त. यशोधरा एरवी मोठ्या सभेत बोलायला नको म्हणायची, पण त्या दिवशी तिचा आवाज सपाट होता. तिनं सांगितलं की वरचा दगड एका टोकाला सुटलेला आहे आणि माणसाच्या हाताच्या भारानंही हलतो. मुलगी त्यावर बसली नसती, तरी तो आज ना उद्या खाली बसलेल्या कुणाच्या तरी अंगावर आला असता.

विश्वस्तांनी चष्मा काढला. "दोष कुणाचा म्हणायचा मग? बांधकामवाल्यांचा की तुमचा?"

"ब्रेकरनं झालं असेल. गंजानं झालं असेल. माझ्या बसवण्यात काही राहिलं असेल. दगड उतरवल्यावर कळेल, किंवा तेव्हाही कळणार नाही. मुलीमुळं झालेलं नाही, एवढं आज नक्की सांगते."

"पण ती चढली होती हे तर खरं ना?"

"चढली होती. तेव्हा पाटी नव्हती."

टेबलाभोवती कुणी कुणाकडे पाहिलं नाही. प्रदीप सर घसा साफ करून म्हणाले, "पाटी नंतर लावली, हे मी सांगतो. मीच लावायला सांगितली." यशोधरेला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

मुलीवरचा ठपका काढला गेला. ज्या पेपरानं रीलची बातमी मोठी छापली होती, त्यानं ही छापली नाही. प्रदीप सर मात्र स्वतः तिकोणा पेठेला गेले आणि कोंडाजींसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, असं नंतर कळलं.

छापून आलं नाही तरी यशोधरेचं नाव जायचं तसं गेलंच. चिंचवडच्या एका कॉलेजात तिचं मोठं काम ठरत आलं होतं. तिथून निरोप आला की सध्या विचार पुढे ढकललाय. निरोप देणारा गृहस्थ भला होता, कारण सांगायचं टाळत होता, तिनंही विचारलं नाही. सुहास तिच्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलला. त्याच आठवड्यात ती दोघं तिची बाकीची कामं बघून आली. एक तळेगावच्या बागेत, एक पुण्याला, एक पवनेच्या वसाहतीत. ती हातोडी मारायची, तो शिडी धरायचा. सगळे दगड खणखणीत होते. तिला बरं वाटायला हवं होतं, पण चांगला आवाज आल्यावरही प्रत्येक ठिकाणी ती आणखी दोनदा हातोडी मारून बघायची.

दगड उतरवायचा दिवस दिवाळीनंतरचा ठरला. आवार रिकामं होतं. तळेगावहून क्रेन आली. क्रेनवाला पप्पू नावाचा गडी होता, तोंडात सुपारी आणि कमरेला रंगीत पट्टा. अकराच्या सुमाराला पवनानगरकडची एक जीप गेटपाशी थांबली आणि तीतून नंदाबाई उतरली. मग तिनं हात देऊन समीक्षाला उतरवलं. मुलगी वॉकर घेऊन पाऊल पाऊल करत आली. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. प्रदीप सरांनी तारीख सांगितली होती एवढंच.

यशोधरेनं तिला खुर्ची आणवून लांब बसवली. पट्टे आवळले गेले, क्रेननं ताण घेतला, आणि तिसरा दगड इतक्या वर्षांनी जागचा उठला. अगदी सहज उठला. हवेत थोडा फिरला आणि हळूहळू हिरवळीवर येऊन टेकला.

सुहास शिडीनं वर गेला आणि उभ्या दगडातल्या भोकात हात घालून त्यानं पश्चिमेची खुंटी काढून आणली. ती मधोमध तुटलेली होती. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजलेला, अर्धा चकचकीत. म्हणजे एक भेग जुनी होती आणि बाकीचं अलीकडे तुटलं होतं. जुनी भेग कशानं पडली ते तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. सुहासनं खुंटी बहिणीच्या हातात दिली. तिनं उलटसुलट करून पाहिली आणि प्रदीप सरांकडे दिली.

"हे तुमच्याकडं ठेवा."

"काय निघतं यातून?"

"दोन्ही निघतं," ती म्हणाली. "माझंही आणि ब्रेकरचंही."

नंदाबाई दगडाजवळ गेली होती. तिनं पदर खोचला आणि दगडाला एक चक्कर मारली. "वर व्हता तवा येवढासा दिसायचा," ती म्हणाली. "हितं तर लय मोटा हाय की. आन ह्याच्यावर बसायची तू?" समीक्षा हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

सुहासनं नव्या खुंट्या गाडीत आणलेल्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या, जुन्यांपेक्षा जाड. तो त्यांची पिशवी घेऊन आला, तेव्हा यशोधरा म्हणाली, "राहू दे."

"म्हणजे?"

"वर नाही बसवायचा."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? तिसरा नसला तर हे दोन दगड म्हणजे काय? गेटचे खांब?"

"शेजारी अजून वर्षभर ब्रेकर चालणार आहे. खाली पोरी जेवायला बसतात. मला खात्री देता येत नाही, सुहास. तू देतोस?"

खुंट्यांची पिशवी सुहासनं परत गाडीत टाकली, जरा जोरातच.

मग ती त्या जमिनीवरच्या दगडाभोवती फिरली. आधी नुसतीच फिरली. मग थांबली, दोन पावलं मागं गेली, मान वाकडी करून पाहिलं. पप्पूला म्हणाली, "परत उचला. थोडा इकडं घ्या." त्यानं उचलला, हलवला, ठेवला. "नाही. टोक त्या उभ्या दगडाकडं करा." त्यानं केलं. "अजून थोडं. नाही, फार झालं. मागं." ऊन डोक्यावर आलं, सुहास झाडाखाली जाऊन बसला, प्रदीप सर एकदा ऑफिसात जाऊन परत आले. तिचं लक्ष नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर रंग चढला होता, आवाज मोठा झाला होता आणि ती पप्पूवर हक्कानं खेकसत होती.

"मॅडम, दगूड ठेवताय का मांडवात नवरी बसवताय?" शेवटी पप्पू क्रेनमधून ओरडला. नंदाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अजून एकदाच," यशोधरा म्हणाली. दगड खाली आला. दोन उभ्या दगडांच्या पुढं, मधोमध नाही तर एका अंगाला, उंच टोक पूर्वेकडे. तिनं चारी बाजूंनी पाहिलं. "बस. सोडा."

समीक्षा वॉकर घेऊन तिच्याजवळ आली होती. तिनं हळूच विचारलं, "माझ्यामुळं खाली ठेवलात का?"

"नाही."

"मग माझ्या पायामुळं?"

"खाली बसतात त्या पोरींमुळं. आणि मला झोप यायला हवी म्हणून." यशोधरा थोडी थांबली. "तू जे सांगितलंस ना, तो आवाज. तो तू सांगितला नसतास तर मी शिडी लावली नसती. घरी गेले असते आणि तुझ्याविरुद्ध बोलले असते."

मुलीनं मान हलवली.

परत जाताना मायलेकींना कामशेतपर्यंत आपल्याच गाडीतून नेऊ, असं सुहासच म्हणाला. समीक्षाला पुढं बसवलं, पाय लांब करता यावा म्हणून सीट पार मागं सरकवली. वाटेत नंदाबाई भाताबद्दल बोलत होती. कापणी झाली होती, झोडपणी राहिली होती, माणसं मिळत नव्हती. यशोधरा हूं हूं करत ऐकत होती. तिच्या कपड्यांवर दगडाची धूळ होती आणि तिला भूक लागली होती.

कामशेतच्या चौकात पवनानगरची जीप भरत आलेली होती. ड्रायव्हरनं मुलीचा वॉकर पाहून पुढची जागा रिकामी करवली. नंदाबाई मागं दाटीत बसली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आबा म्हनलं व्हतं, त्यास्नी घिऊन ये जेवायला. आज उशीर झाला. पुन्यांदा या."

"येऊ," यशोधरा म्हणाली.

जीप गेली. सुहासनं कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून दोन वडापाव आणले. भावंडांनी ते गाडीला टेकून, उभ्या उभ्या खाल्ले. सुहासनं हात झटकले, चावी काढली आणि गाडी लोणावळ्याच्या रस्त्याला घातली.